बिनडोळ्यांचे भालदार

आमच्या दाराच्या दोन्ही अंगाला सहा वर्षं दोन शिपाई उभे होते. डावीकडे भाला घेतलेला भालदार, उजवीकडे दंड घेतलेला चोपदार. फेटा, कंबरपट्टा, टोकदार जोडे, सगळं जिथल्या तिथं. मिशा तर अशा, की वर लिंबू ठेवावं. फक्त दोघांनाही डोळे नव्हते. डोळ्याच्या जागी नुसता पांढरा चुना. सोलापूरच्या बाळीवेशीत कुणी आमचं घर विचारलं तर लोक सांगायचे, "ते बघा, आंधळ्या शिपायांचं घर." पोस्टमनसुद्धा तेच म्हणायचा. महादेवप्पांची बायको, चार लेकरांची आई, शिवम्मा म्हणून मला कोण विचारतंय? ओळख त्या दोन आंधळ्यांची.

ते शिपाई खाजाभाईने काढले होते. आणि खाजाभाईचे डोळे आमच्याच अंगणात गेले. हे आधीच सांगून टाकते. मागनं सांगू म्हणलं की माझं मागंच राहतं. सहा वर्षं राहिलंच.

खाजाभाई राहायचा विजापूर वेशीत. बाप मोहरमचे ताबूत सजवायचा, त्याच्या हाताखाली रंग कालवता कालवता हा शिकला. टांग्याच्या मागच्या फळीवर गुलाब काढायचा, दुकानाच्या पाट्या लिहायचा, पण त्याचं खरं काम लग्नघरचं. आमच्याकडं लग्नघर ओळखायचं ते दारावरून. आधी सगळ्या घराला चुना, मग दाराच्या अंगाला शिपाई, वर दोन मोर, खाली केळीचे खांब, आणि मधे नवरानवरीची नावं. मंडप चार दिवसांनी निघतो. दारावरचं चित्र मात्र वर्षभर राहतं, गल्लीला सांगत राहतं की या घरची पोर नांदायला गेली.

त्याला मराठी वाचता येत नव्हतं. नाव कागदावर लिहून दिलं की तो कागद चार वेळा फिरवून बघायचा आणि भिंतीवर असं उतरवायचा की छापलंय म्हणावं. मला तो अव्वा, म्हणजे आई म्हणायचा. मी एकदा म्हणलं, "खाजाभाई, मला चौथीपर्यंत शिकून माझं नाव सरळ काढता येत न्हाई, तुला न शिकता कसं येतंय?"

"तुमी वाचता अव्वा, म्हणून वाकडं येतंय," तो म्हणाला. "मी वेलबुट्टी समजून काढतो."

माणूस काढायचा तर त्याची सुरुवात मिशीपासून. खडूची रेघ नाही, दोरी नाही. कोऱ्या भिंतीवर आधी काळी मिशी उमटायची, मग तिच्या वर नाक, खाली हनुवटी, आणि बघता बघता मिशीला लटकल्यासारखा आख्खा माणूस तयार. मिशी कुणाची, तर आमच्या मालकांची, महादेवप्पांची. पहिल्यांदा आमच्या मोठीच्या लग्नाला आला तेव्हा त्याने ती बघितली आणि त्याला ती इतकी आवडली की पुढं सगळीकडं तीच. मालक सकाळी सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला निघाले की गल्लीत दारोदार त्यांचीच मिशी.

"अर्ध्या बाळीवेशीची राखण करतो मी," मालक म्हणायचे. "आणि घरात मला कुणी इचारत न्हाई."

"घरात मिशी न्हाई चालत मालक," खाजाभाई म्हणायचा. "तिथं अव्वाचं राज."

आता एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहिली नाही तर पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत. खाजाभाईचा चहाचा पेला वेगळा होता, दाराजवळच्या कोनाड्यात पालथा असायचा. तो स्वतःच घ्यायचा, पिऊन झाला की स्वतःच विसळून पालथा घालायचा. चुना मारायच्या दिवसांत मात्र तो स्वयंपाकघरातही जायचा, देवखोलीतही जायचा. भिंतीला त्याचा हात चालायचा. भांड्याला नाही. प्यायच्या पाण्याला तर नाहीच. भरलेल्या घागरीला त्याचा हात लागला असता तर ते पाणी आम्ही ओतून दिलं असतं आणि घागर राखेनं घासली असती. कुणाला यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याला वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

जेवायला ओसरीवर बसायचा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. मी वाढायला लागले की ताटावर आडवा हात धरून म्हणायचा, "साकु अव्वा, साकु." अव्वा सोडला तर पुरे म्हणायचा हा एकच कानडी शब्द तो आमच्या घरात शिकला होता. मी तरी एक भाकरी टाकायचीच. मग म्हणायचा, "हा शब्द मला चुकीचा शिकवला तुमी. म्हणलं की जास्तच पडतंय."

त्र्याहत्तर साली आमच्या शेंडेफळाचं, नागव्वाचं लग्न ठरलं. स्थळ करकंबचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आमच्या नळाला तीन दिवसांनी पाणी यायचं, तेही करंगळीएवढी धार, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात गल्लीत शेजारधर्म शिल्लक राहायचा नाही. मी आणि समोरची गोजाबाई, तीस वर्षांच्या मैत्रिणी, एकमेकींच्या घागरीवर डोळा ठेवून उभ्या राहायचो.

त्यात लग्न. जेवणावळीचं पाणी टँकरवाल्याने कबूल केलं होतं, पण ते मचूळ. वऱ्हाड दारात आलं की पाय धुवायला स्वच्छ पाणी द्यावं लागतं, आणि ते घरच्या हंड्यातलं. एवढ्या सोलापूरच्या पेठेतलं घर, आणि वऱ्हाडाच्या पायावर चार थेंब शिंपडले, असं करकंबला जाऊन कुणी सांगितलं असतं तर? मला रात्रंदिवस तेच. मी पंधरा दिवस आमच्या पिण्यातलं एकेक तांब्या राखून तांब्याचा मोठा हंडा भरला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला, वर ताट, ताटावर जुनं लुगडं. घरात कुणाला सांगितलं नाही. मालकांनासुद्धा नाही. त्यांना सांगितलं असतं तर दाढी करायला मागितलं असतं.

लग्नाच्या आठवडाभर आधी खाजाभाई आला. आपला चुना घरूनच भिजवून, मुरवून, गाळून आणला होता, दोन डबे. नीळ घातलेली, डिंक घातलेला. स्वयंपाकघराला चुना मारायची वेळ आली तेव्हा मी सगळी भांडी बाहेर काढली. हंडा उचलेना.

"तो राहू दे," मी म्हणलं. "पूजेचा हंडा हाय. शिवू नको. त्याच्या मागचं राहिलं तरी चालंल."

"हौ अव्वा," तो म्हणाला.

संध्याकाळी बघितलं तर हंड्यामागची भिंतसुद्धा पांढरीशुभ्र. मला कौतुक वाटलं, म्हणलं याचा कुंचा किती लांब पोचतो! बाकी काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत दार सजलं. मोर झाले, केळी झाल्या, नावं झाली. शिपाई झाले, डोळे सोडून. डोळे तो नेहमीच सगळ्यांत शेवटी, हळदीच्या सकाळी द्यायचा. नवरीच्या आईने त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा, तो तोंडात टाकायचा, आणि मग बारीक कुंचल्यानं एकेक ठिपका. दोघं शिपाई दाराकडं तोंड करून उभे, चेहऱ्याची एकच बाजू दिसायची, म्हणून एकेकाला एकच डोळा. मी एकदा विचारलं होतं, आधीच का देत नाहीस? तर म्हणाला, "लग्नाच्या आधी घरात लई भांडणं असतेत अव्वा. शिपायांनी कशाला बघायचं? पाहुण्यांना सांगत बसतील."

हळदीला दोन दिवस राहिले आणि माझ्या मनात आलं की देवखोलीला दुसरा हात हवा. पहिल्या हाताला दिव्याच्या काजळीचा डाग आतून वर आला होता. अक्कलकोटची नणंद येणार होती, आणि तिची नजर आधी डागावर जाते, मग देवावर.

खाजाभाई म्हणाला, "चुना संपला अव्वा. कळीचा चुना हाय थोडा, पण भिजवायला टाइम न्हाई. दोन रोज तरी मुरायला पायजे. आणि पानी पायजे. दोन घागरी तरी."

"एक घागर देते."

"एकीत न्हाई भागत. कळी पानी पीत असती, कमी पडलं की आत कच्ची राहती."

"एकच हाय बाबा," मी म्हणलं. "घरात दुसरं टिपूस न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. एवढा वेळ का बघतोय, असं मला वाटून गेलं. मग म्हणाला, "बरं. बघू भागतंय का."

त्यानं अंगणात पत्र्याच्या डब्यात चुन्याचे खडे टाकले आणि घागर ओतली. उकळी फुटली, वाफ आली, आणि जराशानं आवाज बसला. आत पिठल्यासारखा घट्ट लगदा. मी ओसरीवर हळकुंडं निवडत होते. तो डब्यावर वाकला आणि काठीने ढवळायला गेला. आतला कच्चा खडा फुटला. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि तो मागं कोसळला. तोंडभर चुना, दोन्ही डोळ्यांत चुना.

"पानी!" तो ओरडला. "अव्वा, पानी! पानी!"

मी उठले. आणि मी पळत कुठं गेले? मी रस्त्यात गेले. "गोजे, पाणी आण, पाणी!" गोजाबाई आत कुठंतरी होती. मी तिच्या दारापर्यंत गेले, कडी वाजवली, ती बाहेर आली, परत आत गेली, तांब्या भरून आणला. तिच्या दारापासून आमचं दार बावीस पावलं. मी नंतर मोजली आहेत, पुष्कळ वेळा. तो तांब्या त्याच्या तोंडावर ओतला आणि तो संपला. तो जमिनीवर लोळत होता. तेव्हा कुठं मी स्वयंपाकघरात गेले, लुगडं फेकलं, ताट फेकलं आणि हंड्यात तांब्या घातला.

हंडा मी विसरले नव्हते. हे मला लिहायचं आहे. खाजाभाईने "पानी" म्हणल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तो हंडाच आला होता.

माझ्यामागनं आलेल्या गोजाबाईने हंडा बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि काही बोलली नाही. आजवर बोलली नाही. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

सरकारी दवाखान्यात त्याला महिनाभर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, चुना लवकर आणि भरपूर पाण्यानं धुवायला हवा होता. उजवा डोळा जळून गेला. डाव्यावर साय आल्यासारखं पांढरं झालं. दिवस का रात्र एवढं कळेल, माणूस कळणार नाही. डॉक्टरांचं हे बोलणं मालकांनी येऊन सांगितलं तेव्हा मी नागव्वाची रुखवताची भांडी पुसत होते. तिचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं.

लग्न झालंच. थांबतंय होय कुणाचं? शिपाई तसेच बिनडोळ्यांचे उभे. मालक म्हणाले, दुसरा पेंटर बोलावून दोन ठिपके देऊन घेऊ, किती वेळचं काम आहे. मी नको म्हणलं. का नको ते सांगितलं नाही. वऱ्हाड आलं तसा नवऱ्या मुलाचा चुलता दारात थबकला. "काय व्याही, तुमचं शिपाई झोपलंय का काय?" म्हणून सगळी हसली. हंड्यात अर्धं पाणी उरलं होतं. त्यानं मी त्यांचे पाय धुतले. त्या चुलत्याने एक तांब्या घेतला, चूळ भरली आणि पचकन अंगणात टाकली, तिथंच, जिथं चुन्याचा पांढरा डाग पडला होता.

खाजाभाई घरी आला आणि घरीच बसला. त्याची बायको नूरबी आधी सणासुदीला विड्या वळायची, ती आता दिवसभर वळू लागली. पहिलं वर्ष तो नुसता भिंतीला टेकून बसायचा. मग कुणीतरी केकताडाच्या जाड पानांचा भारा आणून टाकला आणि तो कुंचे करायला लागला. पान भिजवायचं, दगडावर ठेचायचं, धागे मोकळे करायचे, सुतळीने आवळून बांधायचं. डोळ्याचं काम नाही त्यात. इतके चांगले कुंचे बांधायचा की सोलापुरातले पेंटर शोधत यायचे. ज्या दारांवर त्याने चित्रं काढली असती, त्या दारांना त्याच्या कुंच्यांनी दुसरी माणसं चुना मारत होती.

त्याच्या मुलीची, रशीदाची शादी शहात्तर साली झाली. तिच्या दारावर चाँद आणि वेल काढायची असं त्याने ती रांगत होती तेव्हापासून ठरवलं होतं. शिपाई नाही, तो म्हणायचा, आमच्या पोरीच्या दारात महादेवप्पांची मिशी नको. मी शादीला गेले होते. दार कोरं होतं. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नव्हता.

मी सणाला जात राहिले. पुरणपोळी, शेंगाची पोळी, गव्हाची हुग्गी. दर वेळी मनात ठरवून जायची की आज सांगायचं, घरात पाणी होतं. नूरबी दारातच म्हणायची, "आओ अव्वा, बैठो," आणि पदराने पाट पुसायची. मी कधी तिच्यापुढं रडायला लागले तर तीच माझी समजूत घालायची, "नसीब हाय अव्वा, तुमी काय करनार?" मग कसं सांगायचं? शिव्या दिल्या असत्या तर सांगितलं असतं. मी डबा ठेवून परत यायची.

आमच्या दारावरचं चित्र वर्षानं पुसायचं, तसा रिवाज. मी पुसू दिलं नाही. दिवाळीला सगळ्या घराला चुना व्हायचा, तेवढी दोन हात भिंत सोडून. मोर उडाले, केळी विटल्या, नागव्वाच्या नावातली दोन अक्षरं गळाली. शिपाई राहिले.

यंदा आमच्या लेकाने, विरुपाक्षाने मनावर घेतलं. तो अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, चार माणसं हाताखाली, त्याला घराची लाज वाटायला लागली. "अव्वा, सोमवारी गवंडी येतोय. चुना खरवडून सिमेंट करायचं, वर पिस्ता कलरचा ऑइलपेंट. आता ते आंधळं नको दारात. कारखान्यातली माणसं हसतेत."

"हसू देत की."

"तुमचं काय हाय त्या शिपायात?"

शनिवारी सकाळी उठून विजापूर वेशीत गेले. खाजाभाई दारात बसून केकताड ठेचत होता. पायाच्या आवाजावरूनच म्हणाला, "या अव्वा. आज कुठला सण?"

"सण न्हाई. ऊठ. शिपायांना डोळे द्यायचेत. सोमवारी भिंत जायची हाय."

त्याच्या हातातला दगड थांबला. "आंधळ्याची मस्करी करता काय अव्वा?"

"मस्करी करायला एवढं ऊन खात येईन व्हय मी?"

मग आत तोंड करून म्हणाला, "नूरबी, वो बारीक ब्रश किधर रख्या गे?" सहा वर्षांत त्यानं तो कुंचला टाकला नव्हता. नूरबीने तो पत्र्याच्या पेटीतून काढला, चिंधीत गुंडाळलेला.

ती त्याचा हात धरून त्याला घेऊन आली. ओसरीवर बसवलं. मी वाटीत काजळी आणि डिंक कालवून ठेवला होता, त्याच्याच रीतीनं. गुळाचा खडा आणला, त्याच्या तळहातावर ठेवला. तो तोंडाकडं नेणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "थांब. खाऊ नको आत्ता. आधी ऐक."

तो थांबला.

"त्या दिवशी घरात पाणी होतं. भरला हंडा होता. वऱ्हाडाच्या पायाला ठेवला होता मी. एकच घागर हाय म्हणून खोटं बोलले तुझ्याशी."

नूरबीचा पदर तोंडावर गेला. खाजाभाईने गुळाचा खडा बोटांत फिरवला.

"मालूम था अव्वा."

"काय?"

"मालूम होतं. हंडा मीच सरकवला होता की. तुमी म्हणला मागचं राहू दे. पण चारी भिंती पांढऱ्या आणि कोपऱ्यात एक काळा पट्टा, आपल्याला न्हाई बघवत ते. दोन्ही हातांनी कवळा घालून सरकवला, भिंत केली, परत ठेवला. आतलं पानी डुचमळलं. कळलं की भरलेला हाय."

माझ्या डोळ्यांपुढे ती हंड्यामागची पांढरीशुभ्र भिंत आली.

"मग मागितलं का न्हाईस? तोंडावर म्हणायचं होतंस, खोटं बोलताय म्हणून!"

"म्हणलं असतं तर तुमी इचारलं असतं, तुला कसं कळलं? मग हात लावला म्हणून सांगावं लागलं असतं. आणि मग ते पानी तुमी ओतून दिलं असतं. खरं सांगा. दिलं असतं का न्हाई?"

मी खरं सांगितलं. "दिलं असतं."

"बघा. असल्या सुक्यात, पोरीच्या लग्नात, भरला हंडा ओतायचा? म्हणलं जाऊ दे, एका घागरीत भागवू." आणि तो हसला. "न्हाई भागलं."

मला दम निघेना. मी विचारलं, "आणि डोळ्यात गेल्यावर? तवा तरी हंडा म्हणून ओरडायचंस."

"तवा वाटलं," तो म्हणाला, "अव्वा देतीलच."

ओसरीवर तिघं बसून होतो. नूरबी रडत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. थोड्या वेळानं खाजाभाईने गूळ तोंडात टाकला आणि हात पुढं केला. "चला. भिंत दावा."

डाव्या अंगाला नेलं. त्यानं तळहात भिंतीवर फिरवला. भाल्याचं टोक सापडलं, फेटा सापडला, मग बोटं खाली आली आणि मिशीवर थांबली. त्या मिशीचा काळा रंग जाड होता, बोटाला लागत होता. "मालक," तो म्हणाला. मिशीपासून दोन बोटं वर मोजली, कुंचला बुडवला आणि ठिपका दिला. नेमका बसला. सहा वर्षांनी तो भालदार आमच्या दाराकडं बघायला लागला. मी तोंडावर हात धरला.

उजव्या अंगाला मात्र पावसाचं तोंड. चोपदाराच्या मिशीचे पोपडे निघून गेले होते. त्याची बोटं फिरली, फिरली. कंबरपट्टा सापडला, खांदा सापडला, मिशी सापडेना. कानाची कड लागली तिलाच तो मिशी समजला. तिथून त्यानं दोन बोटं मोजली, अंदाज घेतला आणि ठिपका दिला. वर फेट्यावर, तुऱ्याच्या बुडाशी.

"बसला का अव्वा?"

नूरबीने माझ्याकडं बघितलं.

"बसला की," मी म्हणलं. "नेमका बसला."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तो मान हलवत राहिला. कुंचला त्यानं चिंधीला पुसला आणि नूरबीकडं दिला नाही, कोनाड्यात चाचपून त्याच्या जुन्या पेल्याशेजारी ठेवला. सोमवारी गवंड्यानं भिंत खरवडली तेव्हा विरुपाक्ष फेट्यावरच्या त्या डोळ्याकडं बघून हसायला लागला, मग माझ्याकडं बघून गप बसला. आता तिथं पिस्ता रंग आहे, हात लावला की गुळगुळीत.

त्या शनिवारी जाताना खाजाभाई म्हणाला, "हाताला काजळ लागलंय, जरा पानी घाला." आता आमच्या नळाला रोज पाणी येतं. तोच तांब्याचा हंडा मी ओढत उंबऱ्यापर्यंत आणला, काठोकाठ भरलेला. तो पायरीवर वाकला आणि दोन्ही हात पुढं केले. मी एक तांब्या ओतला. काजळी गेली. दुसरा ओतला. तिसरा ओतला. पाणी पायरीवरून खाली उतरून गल्लीला लागलं, गोजाबाईच्या दारापर्यंत गेलं.

"साकु अव्वा," तो म्हणाला. "साकु. हात निघाले की."

मी तांब्या परत हंड्यात घातला.